मैत्रिणीची कुत्री पुन्हा गाभण आहे आणि ती मलाच गृहीत धरते आहे. नाही कसं म्हणू?

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीकडे नर-मादी दोन्ही आहेत, नसबंदी एकाचीही केलेली नाही. मागच्या वेताची पिल्लं तुम्ही सांभाळलीत, त्यांना घरं तुम्ही शोधलीत. आता कुत्री पुन्हा गाभण आहे आणि मैत्रीण म्हणते, "तू आहेस ना, मग मला काय काळजी!" नाही म्हणावं तर पिल्लांचे हाल होतील, ही तुमची भीती. त्याच भीतीपायी मी एक वेत सांभाळलंय, म्हणून लिहिते.

माझी मैत्रीण 'दोन दिवसांसाठी' बाहेरगावी गेली आणि कुत्री आणि तिची नऊ दिवसांची पाच पिल्लं माझ्याकडे ठेवून गेली. दोनाचे अकरा दिवस झाले. पिल्लं ओळखता यावीत म्हणून मी प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैल बांधली होती आणि रोज वजन करून वहीत लिहीत होते. हिरव्या लोकरीच्या पिल्लाचं वजन दोन दिवस जागेवरच होतं. तिसऱ्या रात्री ते आईपासून लांब, खोक्याच्या कोपऱ्यात सापडलं. पोट गार. तोंडात बोट घातलं, तर आतूनही गार. मी घाईघाईने दूध पाजलं. गार पडलेल्या पिल्लाला आधी हळूहळू ऊब द्यायची असते, थंड पोटात दूध पचत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. पहाटे ते गेलं. मैत्रिणीला कळवलं, तर उत्तर आलं, "अरेरे. बाकीची चार बरी आहेत ना?"

ती दुष्ट नाही, आजही माझी मैत्रीण आहे. पण पिल्लं होतात म्हणजे काय होतं, हे तिच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं, कारण मध्ये मी उभी होते. तुमचंही तेच होतंय असं मला वाटतं.

म्हणून बोला, आणि कुत्री व्यायच्या आधी बोला. गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा असतो, म्हणजे हातात किती वेळ आहे ते मोजता येतं. पिल्लं एकदा डोळ्यांसमोर आली की तुमच्याने नाही म्हणवणार नाही. बोलताना कारणं देऊ नका. जागा नाही म्हणालात तर ती पिंजरा आणून देईल, वेळ नाही म्हणालात तर "फक्त रात्रीच बघ" म्हणेल. मी शेवटी एवढंच म्हटलं होतं, "यापुढे पिल्लं माझ्या घरी येणार नाहीत, एका रात्रीसाठीही नाही. घरं शोधायला मी मदत करीन, पण दोघांच्या नसबंदीची तारीख डॉक्टरांकडून ठरवून आण, मगच." ती चिडली, रडली, मी निर्दय झाले म्हणाली. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

नसबंदीवर अडून बसणं हा हट्ट नाही. नराचं ऑपरेशन आत्ताही होऊ शकतं, त्यासाठी पिल्लांची वाट बघायची गरज नाही. मात्र त्यानंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, तेव्हा तोवर मादीला वेगळं ठेवावं लागतं. मादीचं ऑपरेशन पिल्लं दुधावरून सुटल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा. आणि पिल्लं घरातच राहिली तर मादी पिल्लं सहा महिन्यांचीही माजावर येऊ शकतात. मग बाप, भाऊ असं काही कुत्र्यांना कळत नाही. तिला हे स्पष्ट सांगा, बरेच लोक याचा विचारच करत नाहीत.

तुम्हाला अगदीच हात झटकायचे नसतील (आणि ते झटकायचे आहेत असं तुमच्या प्रश्नावरून वाटत नाही), तर एक कागद लिहून तिच्या भिंतीवर लावून या. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आलं नाही, तर डॉक्टर. व्यायल्यावर काही आठवड्यांत कुत्री थरथरायला लागली, ताठ चालायला लागली, तर कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. त्यात सकाळची वाट बघायची नाही. पिल्लू गार लागलं, तर आधी ऊब. डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. तुमचा लिहू नका.

आणखी एक. पिल्लं आठ आठवड्यांची होऊन पहिली लस टोचल्याशिवाय पिल्लू घेणाऱ्या कुणाचाही पत्ता तिला देऊ नका. पाचव्या आठवड्यात घरभर घाण सुरू झाली की ती घाईला येईल. आणि खरंच आबाळ होताना दिसली, तर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवीन, हेही आधीच सांगून ठेवा. पाठीमागून करू नका.

ती रुसेल. माझी मैत्रीण चार महिने बोलली नाही, आणि ते चार महिने मला फार जड गेले. मग एक दिवस कळलं की नराचं ऑपरेशन झालं. मादीचं त्यानंतर दोन महिन्यांनी. त्या रात्री तिचा फोन आला. कुत्री भुलीच्या गुंगीत उठायला बघते, पाय घसरतात, पुन्हा माझ्या मांडीवर डोकं टाकते, असं सांगत होती. मी येऊ का, असं विचारलं नाही. तिनेही बोलावलं नाही. "आज मीच जागते हिच्याजवळ," म्हणाली.