शेंगदाण्याची ॲलर्जी आणि नॅनोकण

प्रश्न : माझा सहा वर्षांचा नातू न्यू जर्सीत राहतो. त्याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. नॅनोकणांनी ही ॲलर्जी कायमची जाते, असे अलीकडेच वाचनात आले. हा उपचार त्याला मिळेल का? पुढच्या महिन्यात तो आमच्याकडे येणार आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आज तरी नाही. आपण वाचलेली बातमी खोटी नसावी, पण अशा बातम्यांत ‘उंदरांवर’ हा शब्द बहुधा तळाशी असतो.

शेंगदाण्यातील काही प्रथिनांविरुद्ध शरीरात तयार झालेली आयजीई प्रतिपिंडे (शत्रू ओळखणारी प्रथिने) मास्ट पेशींवर, म्हणजे त्वचा, श्वासमार्ग व आतड्यांतील प्रतिकारपेशींवर, दबा धरून बसतात आणि तेच प्रथिन पुन्हा पोटात गेले की या पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात. मग अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही होऊ शकते. तेच प्रथिन अत्यल्प मात्रेत देऊन मात्रा हळूहळू वाढवत नेणे, हा इम्युनोथेरपीचा गाभा आहे. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी 1911 मध्ये परागकणांच्या ॲलर्जीवर तो वापरला होता. अडचण अशी की, औषध म्हणून दिलेले प्रथिनही मास्ट पेशींना चेतवू शकते.

नॅनोकणांचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, खरा उपयोग इथे आहे. विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) कणात प्रथिन दडवले, तर ते आयजीईच्या हाती न लागता यकृत व प्लीहेतील पेशींपर्यंत पोहोचते आणि त्या पेशी प्रतिकारयंत्रणेला सबुरी शिकवतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी तर प्रथिनाऐवजी त्याच्या निवडक तुकड्याची कृती सांगणारा एमआरएनए हा संदेशवाहक रेणू कणांत भरून यकृताकडे धाडला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उंदरांची ॲलर्जी सौम्य झाली. प्रथिन भरलेल्या कणांच्या माणसांवरील चाचण्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या आहेत.

दरम्यान अमेरिकेत ओमॅलिझुमॅब या इंजेक्शनला फेब्रुवारी 2024 मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्यता मिळाली आहे. ते आयजीईलाच जखडून ठेवते, त्यामुळे चुकून दाणा पोटात गेला तरी प्रतिक्रियेचा धोका कमी होतो. मात्र त्यामुळे दाणे खाण्याची मुभा मिळत नाही. नातवाला ते योग्य आहे का, हे तिथल्या ॲलर्जीतज्ज्ञांना विचारावे.

आपल्याकडे तो असताना कुटाचा डबा बाजूला ठेवणे पुरेसे नाही. मिक्सरच्या पात्याखाली अडकलेला कूटही घातक ठरू शकतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळे भांडे ठेवावे. तीव्र प्रतिक्रिया आल्यास तातडीने टोचायची ॲड्रेनॅलिनची स्वयंचलित इंजेक्शने भारतात सहजी मिळत नाहीत. ती तिकडूनच, किमान दोन, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणायला सांगावीत आणि ती कशी टोचायची हे घरातील मोठ्यांनी आधीच शिकून घ्यावे.