जुन्या काळातल्या शहराचं रोजचं जगणं कळेल अशी कुणाची खरी डायरी आहे का?

आहे. लंडनच्या सॅम्युअल पीप्सची. इतिहासाची पुस्तकं असताना कुणाची तरी खासगी वही वाचून वेगळं काय मिळणार, असंही तुम्ही विचारलंय. आधी त्याचंच उत्तर देते.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगची मोठी साथ आली, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. पीप्स मात्र ३ सप्टेंबर १६६५ ला लिहितो की आज केसांचा नवा टोप घातला. टोप घेऊन बरेच दिवस झाले होते, पण घेतला तेव्हा त्या भागात प्लेग होता म्हणून डोक्यावर ठेवायचा धीर होत नव्हता. पुढे त्याला प्रश्न पडतो, साथ सरल्यावर टोपांच्या फॅशनचं काय होणार? प्लेगने मेलेल्या माणसाच्या डोक्यावरून कापलेले केस असतील या धास्तीने कोणी केस विकतच घेणार नाही! हे मी २०२० च्या टाळेबंदीत वाचलं. तेव्हा आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन गॅलरीत निथळत ठेवायचो. त्या टोपाची भीती मला समजावून सांगावी लागली नाही.

त्याच्या तीनच दिवस आधीची नोंद आहे. आठवड्यात शहरात ७,४९६ माणसं मेली, त्यातली ६,१०२ प्लेगने, असा सरकारी आकडा तो उतरवून घेतो आणि लगेच लिहितो की खरा आकडा दहा हजारांच्या जवळ असावा. कारण इतक्या मरणांत गोरगरिबांची नोंद होत नाही, आणि क्वेकर पंथाचे लोक आपल्या माणसासाठी मृत्यू कळवणारी चर्चची घंटा वाजवू देत नाहीत. मोजणीतून कोण निसटतं, हे त्याला रस्त्यावर वावरून माहीत होतं.

पीप्स शिंप्याचा मुलगा. १६६० मध्ये तो आरमाराच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर लागला. डायरी १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ अशी साडेनऊ वर्षांची आहे. डोळे जातील या भीतीने त्याने ती थांबवली. आपल्याकडे हा शिवरायांचा काळ. ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले आणि पुढच्याच महिन्यात लंडन जळालं, असं लक्षात ठेवलं की काळाचा अंदाज पटकन येतो.

त्या आगीची पानं मी अनेकदा वाचली आहेत. २ सप्टेंबरला पहाटे तीनच्या सुमारास घरची मोलकरीण जेन त्याला उठवते. तो खिडकीतून बघतो, आग लांब आहे असं ठरवतो आणि पुन्हा झोपतो. ही आग चार दिवसांत तेरा हजारांवर घरं खाणार आहे हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. माझ्या मते डायरीची खरी ताकद इथे आहे. इतिहासकाराला शेवट माहीत असतो, त्यामुळे तो त्या खिडकीपाशी थांबतच नाही. सकाळी पीप्स नदीवर जातो. लोक सामान होड्यांत टाकतायत, काही तर नदीत फेकतायत. कबुतरांना घरटी सोडवत नाहीत. ती खिडक्यांभोवती घिरट्या घालत राहतात आणि पंख जळून खाली पडतात. दोन दिवसांनी आग जवळ येते तेव्हा तो खड्डा खणून त्यात आपली वाइन पुरतो, आणि सोबत पार्मेझान चीजही. शहर पेटलेलं असताना माणूस काय वाचवायला धावतो, हे याहून जवळून कुठे दिसणार?

सरकारी कचेरी कशी चाले तेही बघा. ३ एप्रिल १६६३ ला एकजण त्याला बंद पाकीट देतो. आत पैसे असणार हे त्याने ओळखलेलं असतं. कचेरीत येऊन तो पाकीट फोडतो, पण सगळी नाणी बाहेर पडेपर्यंत आत बघत नाही. उद्या कोणी विचारलंच तर ‘कागदात पैसे मला दिसले नाहीत’ असं म्हणता यावं म्हणून! सोन्याचं एक नाणं आणि चार पौंडांची चांदी निघाली, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. पुढच्याच महिन्यात आपली मुंबईही डोकावते. राणीच्या हुंड्यात कबूल केलेलं बेट पोर्तुगीज ताब्यात देत नाहीत, त्यांनी आपल्याला फसवलं, अशी त्याची तक्रार आहे. मुंबईकर म्हणून ती ओळ वाचताना मी थबकले होते.

हे सगळं त्याने लघुलिपीत लिहिलं, म्हणून इतकं उघड लिहू शकला. त्याच्या मृत्यूनंतर वह्या केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात गेल्या. १८१९ पासून जॉन स्मिथ नावाच्या तरुणाने तीन वर्षं खपून त्या उलगडल्या. त्या लघुलिपीचं पुस्तक पीप्सच्याच ग्रंथसंग्रहात होतं, आणि बिचाऱ्याला ते माहीत नव्हतं.

जुनी इंग्रजी आवृत्ती इंटरनेटवर फुकट मिळते. पहिल्या पानापासून सुरू करू नका, सुरुवातीला राजकारण फार आहे. जून १६६५ पासून धरा, सप्टेंबर १६६६ पर्यंत या. मग मागे जाऊन ९ जानेवारी १६६३ ची नोंद नक्की वाचा. त्याची बायको एलिझाबेथ घरात दिवसभर एकटी असायची. ते एकटेपण तिने कागदावर लिहिलं होतं, तो कागद तिने त्या दिवशी त्याला वाचून दाखवला. त्यातलं बरंचसं खरं आहे, असं तो स्वतःच डायरीत कबूल करतो. पण तिने लिहिलं होतं सरळ इंग्रजीत, कुणालाही वाचता येईल असं. त्याने फाडायला सांगितलं, ती ऐकेना, तेव्हा त्याने कागद हिसकावला आणि फाडला. त्याच्या वह्यांचे सहा खंड कॉलेजात आजही नीट जपलेले आहेत. तिच्या कागदातलं मात्र त्याने सांगितलं तेवढंच आपल्याला ठाऊक आहे.