लिथॉप्सला पाणी कधी द्यायचं आणि कधी अजिबात नाही

नमस्कार मंडळी, गेल्या काही दिवसांत लिथॉप्सवर बरेच प्रश्न आलेत, म्हणजे ती गारगोटीसारखी दिसणारी झाडं, दोनच जाड पानं आणि मधे एक चीर. निफाडकडच्या एका ताईंनी ऑनलाइन मागवलेली निम्मी झाडं पावसाळ्यात आतून पाणी होऊन गेली, सांगोल्याच्या डाळिंबवाल्या दादांना थंडीत पानं सुरकुततात म्हणून पाणी वाढवायचंय, तळेगावच्या एका पॉलिहाऊसवाल्यांना कुणीतरी बायबॅकची, म्हणजे रोपं विकून वाढलेली झाडं परत विकत घ्यायची, स्कीम दाखवलीय, आणि कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याने निळ्या-जांभळ्या लिथॉप्सच्या बियांचं पाकीट घेतलंय ते उगवत नाहीये. सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो, कारण मूळ गोष्ट एकच आहे. हे झाड वर्षभर कसं चालतं ते कळलं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

हे झाड आहे दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाचं. 1811 साली विल्यम बर्चेल नावाच्या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने दक्षिण आफ्रिकेतल्या आजच्या नॉर्दर्न केप प्रांतात प्रिस्का गावाजवळ वेगळ्या आकाराचा खडा दिसला म्हणून उचलला, तर ते झाड निघालं, तिथून याची शास्त्रीय नोंद सुरू झाली. तिकडे हे झाड जवळजवळ पूर्ण जमिनीत असतं, वर फक्त पानांचा माथा दिसतो, रंग आजूबाजूच्या खड्यांसारखा. माथ्यावर जी पारदर्शक नक्षी दिसते ना, ती खिडकी आहे, ऊन तिथून आत शिरतं आणि जमिनीखालच्या हिरव्या भागापर्यंत पोचतं. बऱ्याच जातींच्या भागात पाऊस अगदी थोडा, आणि पडला तरी खडकाळ मातीतून लगेच निचरून जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, एवढा फरक लक्षात ठेवा.

आता सांगोल्याच्या दादांचा प्रश्न आधी घेतो कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. दादा, तुम्ही डाळिंबाला बहार धरायच्या आधी ताण देता की नाही, पाणी तोडता आणि पानगळ झाली तरी घाबरत नाही, तसंच हे समजा. लिथॉप्सला दरवर्षी फक्त एकच नवी जोडी येते पानांची. फूल येऊन गेलं की साधारण डिसेंबरपासून जुन्या दोन पानांच्या पोटात नवी दोन पानं वाढायला लागतात, आणि त्यांना लागणारं पाणी जुन्या पानांतूनच जातं, मुळांकडून नाही. म्हणून जुनी पानं सुरकुततात, मऊ पडतात, शेवटी कागदासारखी पातळ होऊन नव्या जोडीच्या बाजूला चिकटून राहतात. हे दिसलं की झाड नीट काम करतंय. तुम्ही त्या वेळी पाणी दिलंत तर जुनी पानं वाळतच नाहीत, नव्या पानांना आतून वर यायला जागा राहत नाही, मग एकावर एक दोन जोड्या साचतात, झाड बेढब होतं, आणि मधल्या दमट फटीत कुज सुरू होते. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी बंद म्हणजे बंद, स्प्रे पण नाही. जुनी पानं हाताने ओढून काढायची घाई पण करू नका, पूर्ण वाळली की सहज सुटतात.

मग पाणी सुरू कधी करायचं? जुनी जोडी कागदासारखी झाली की, आपल्याकडे बहुतेक फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये, पण तारीख बघू नका, झाड बघा. पहिलं पाणी भरपूर द्या, कुंडीच्या खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत, आणि नंतर माती तळापर्यंत पूर्ण कोरडी होऊन वर काही दिवस जाईपर्यंत परत नाही. थोडं थोडं रोज पाणी ही सगळ्यात वाईट सवय, त्याने वरची माती सतत ओली राहते आणि मुळं खाली जात नाहीत. पाणी संध्याकाळी द्या, हे झाड श्वासाची छिद्रं रात्री उघडतं, दिवसा बंद ठेवतं. एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाड्यात पारा 40 च्या वर जातो आणि रात्रीही उकडतं, तेव्हा झाड थांबतं, त्या काळात महिन्यातून एखाद्या वेळी संध्याकाळी कुंडीच्या कडेने थोडंसं, बास.

पावसाळ्यात काय, हा निफाडच्या ताईंचा प्रश्न. ताई, तुमची झाडं पावसाने कमी आणि कोकोपीटने जास्त गेली असं फोटो बघून वाटतंय. बाहेरून येणारी बरीच झाडं कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतात, नर्सरीत ते सोपं पडतं, पण आपल्या जुलैच्या हवेत कोकोपीट आठ-दहा दिवस वाळत नाही. झाड घरी आलं की आधी ते सगळं कोकोपीट मुळांवरून हलक्या हाताने काढा, वाळलेल्या बारीक मुळ्या तुटल्या तरी चालतं, तीन-चार दिवस सावलीत उघडं ठेवा म्हणजे जखमा सुकतात, मग नव्या मिश्रणात लावा आणि त्यानंतर आठवडाभर पाणी नको. भर पावसात मागवूच नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणा. पावसाळ्यात कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली हव्यात, बाजू मोकळ्या, वारा खेळता. चारी बाजूंनी प्लास्टिक लावलं तर आत वाफ कोंडते आणि ते पावसापेक्षा वाईट. जून ते ऑगस्ट पाणी जवळजवळ नाहीच, माथा अगदी खोल सुरकुतला तरच थोडं. कोकणातल्या मंडळींना स्पष्ट सांगतो, तुमच्याकडे हे झाड अवघड आहे, अशक्य नाही, पण मातीच्या न रंगवलेल्या कुंड्या, पूर्वेची छपराखालची जागा आणि लागलाच तर छोटा पंखा, एवढी तयारी असेल तरच करा.

मिश्रण कशाचं करायचं यावर खूप विचारणा आहे. परदेशातले लोक प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) वापरतात, ते आपल्याकडे सहज मिळत नाही आणि महाग पडतं, त्याच्या मागे लागू नका. आपला मुरूम चांगला आहे. चाळणीने चाळून साधारण 2 ते 5 मिमीचे खडे घ्यायचे, धुवून त्यातली धूळ-चिकणमाती काढून टाकायची (हे धुणं टाळू नका, सगळा निचरा त्यावर आहे), त्यात नीट भाजलेल्या विटेचा तेवढ्याच आकाराचा चुरा आणि भरड वाळू. दहा भागांत नऊ भाग हे खडे आणि फार तर एक भाग जुनं, पूर्ण कुजलेलं पानांचं खत. काळी माती एक चिमूटही नको, ती पाणी धरून फुगते आणि वाळली की आवळते, मुळं तुटतात. शेणखत, गांडूळखत, युरिया यातलं काही नको. जास्त नत्र दिलं की पानं फुगून फाटतात. कुंडी उथळ ट्रे सारखी नको, याला खाली जाणारं मूळ असतं, निदान 10 सेंमी खोली पाहिजे. वरून बारीक खड्यांचा थर द्या म्हणजे झाडाची मान कोरडी राहते. बोअरचं जड पाणी असेल तर माथ्यावर पांढरे क्षार बसतात आणि खिडकीच झाकली जाते, अशांनी पावसाचं पाणी साठवून ठेवा, वर्षभरात लागतं तरी किती.

उन्हाचं थोडक्यात. सकाळचं चार-पाच तास थेट ऊन पाहिजे. खोलीत टेबलवर ठेवलेलं लिथॉप्स उंच, लांबट आणि फिकट होतं, मग ते परत बसकं होत नाही, पुढच्या वर्षीच्या जोडीची वाट बघावी लागते. उलट नर्सरीतल्या सावलीतून आणून एकदम मेच्या उन्हात ठेवलं तर माथा भाजतो. मार्चनंतर 50 टक्क्यांची शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी) लावा.

एका ताईंचा फोटो होता, उन्हाळ्यात झाड पूर्ण वाळक्या सालीत गेलं, मेलं समजून फेकायला निघाल्या होत्या. ताई, ते लिथॉप्स नाही, कोनोफायटम आहे. दिसायला जवळचंच, पण वेळापत्रक उलटं, ते थंडीत वाढतं आणि उन्हाळाभर कोरड्या सालीत झोपतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्या सालीतून नवं झाड बाहेर येईल, तोवर छान सावलीत ठेवा. म्हणजे थंडीत शेजारच्या दोन कुंड्यांत एकीला पाणी आणि दुसरीला अजिबात नाही. म्हणून कुंडीवर नावाची पट्टी लावायची सवय ठेवा.

कीड. सगळ्यात जास्त त्रास पिठ्या ढेकणाचा, तो दोन पानांच्या चिरेत आणि मुळांवर बसतो. चिरेतला असेल तर कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून संध्याकाळी पुसा. झाड वाढत नाही, पाणी दिलं तरी माथा भरत नाही असं असेल तर कुंडीतून काढून बघा, मुळांवर पांढरा कापूस दिसला तर मुळं धुवा, चार दिवस सुकवा, जुनं मिश्रण फेका, कुंडी उकळत्या पाण्याने धुवा. कडुनिंबाचं तेल मी इथे सांगणार नाही, खिडकीवर तेलाचा थर बसतो आणि उन्हात चट्टे पडतात. मुंग्या दिसल्या तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्याच ढेकूण इकडून तिकडे नेतात. आणि जाळी लावा, उन्हाळ्यात पाण्यासाठी बुलबुल आणि उंदीर ही पानं फोडतात, पावसाळ्यात गोगलगायी.

कोल्हापूरच्या विद्यार्थी मित्रा, निळं लिथॉप्स नसतं. करडा, तपकिरी, विटकरी, हिरवट, मातकट गुलाबी, आणि ऑप्टिका जातीतलं रुब्रा हे खरंच गडद लाल-जांभळं, पण ते अवघड आणि दुर्मिळ. पाकिटावरचा निळा चकचकीत फोटो हा रंगवलेला आहे आणि आत बहुतेक दुसऱ्याच कुठल्यातरी झाडाच्या बिया असतात. खरं बी खसखशीपेक्षा बारीक असतं. बी घ्यायचंच तर जातीचं नाव लिहून देणाऱ्या माणसाकडून घे, लेसलिआय, ऑकाम्पिये, सॅलिकोला, हुकेराय या त्यातल्या त्यात सोशिक जाती. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कर, 20 ते 25 अंश बरं पडतं. बारीक चाळलेलं मिश्रण गरम करून निर्जंतुक कर, खालून पाणी शोषू दे, बी वर नुसतं भुरभुरव, मातीने झाकू नको, वरून पारदर्शक झाकण. एक-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. या पिल्लांना मोठ्या झाडाचे नियम लावायचे नाहीत, पहिले काही महिने त्यांना ओल लागते आणि थेट ऊन नको. झाकण हळूहळू उघडत जा, नाहीतर रोपं कोलमडतात. फुलायला साधारण तीन वर्षं.

आता तळेगावच्या दादांसाठी, आणि हे मी फार कळकळीने सांगतोय. गुलाबाचं पॉलिहाऊस मोडून लिथॉप्स लावू नका. हे एकराने करायचं पीकच नाही. बियांपासून विकण्याजोगं झाड व्हायला दोन-तीन वर्षं, तोवर मजुरी-वीज चालूच, एका ओल्या पावसाळ्यात ट्रेच्या ट्रे जातात, आणि घेणारे शहरातले हौशी लोक, ते दहा-वीस झाडं घेतात, हजार नाही. जे तुम्हाला रोपं विकतात तेच परत घ्यायची हमी देतात, तेव्हा त्यांचा पैसा रोपं विकतानाच वसूल झालेला असतो. करारात परत घ्यायचा दर, झाडाचा आकार मिमीमध्ये आणि घेतलं नाही तर काय, हे लेखी आहे का ते बघा, नसेल तर सही नको, आणि यासाठी कर्ज तर मुळीच नको. करून बघायचंच असेल तर एका बाकावर सुरू करा, स्वतः बी धरा. त्यासाठी दोन वेगवेगळी झाडं एकाच वेळी फुललेली लागतात, एकट्या झाडाचं स्वतःचं परागण होत नाही. फूल दुपारी उघडतं आणि ऊन उतरलं की मिटतं, तेव्हा तीनच्या सुमारास मऊ ब्रशने एकाचे पराग दुसऱ्यावर न्या. बोंड वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाका, ते उघडतं आणि बी दिसतं, मूळ ठिकाणी पावसाच्या थेंबांनीच ते उडून पसरतं. हे स्वतःच्या डोळ्यांनी जरूर बघा.

आणखी एक विनंती. स्वस्तात मोठी, जुनी, मुळावर लाल माती चिकटलेली झाडं कुणी देत असेल तर घेऊ नका. दक्षिण आफ्रिकेत नामाक्वालँड भागात कोनोफायटम आणि त्याच्या भाऊबंदांची डोंगरांवरून प्रचंड चोरी चालू आहे, टेकड्याच्या टेकड्या रिकाम्या होतायत. आपल्या शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी ही दुर्मिळ वनस्पती कुणी पोत्यात भरून नेली तर आपल्याला कसं वाटेल? बियांपासून वाढवलेलंच झाड मागा.

ज्यांच्या झाडाला आत्ता कळी आहे त्यांनी पाणी तोडू नका, फूल सुकेपर्यंत दोन-तीन आठवड्यांतून एकदा चालेल. फूल वाळलं की थांबायचं. कुणाचं झाड तरीही मऊ पडत असेल तर फोटो पाठवताना वरून एक आणि कुंडीतून काढून मुळांचा एक असे दोन पाठवा, नुसत्या माथ्याच्या फोटोवरून तहान आहे की कुज हे सांगता येत नाही.