‘दृष्टीने नव्हे’ की ‘दिसते त्याप्रमाणे नव्हे’?

प्रश्न थोडक्यात असा: मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक संमेलनासाठी फलक करायचा आहे. वर ‘आम्ही दृष्टीने नव्हे, विश्वासाने चालतो (२ करिंथ ५:७)’ आणि खाली ‘आमचे अंतर्चक्षू उघडोत’ असा मजकूर ठरला. त्यावर एकाने हरकत घेतली की शास्त्रात हे शब्द असे नाहीत. दुसरा म्हणाला की हा तर आंधळा विश्वास झाला. आणि ‘अंतर्चक्षू’ बरोबर आहे का, हे कोणालाच सांगता येईना.

पहिली हरकत रास्त आहे. घरोघरी असलेल्या पवित्र शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले हे वचन ‘आम्ही विश्वासाने चालतो, डोळ्यांनी दिसते त्याप्रमाणे चालत नाही’ असे आहे. लांब आहे, फलकावर मावायला अवघड आहे, म्हणून लोक त्याचे ‘दृष्टीने नव्हे’ करून टाकतात. पण असे आटोपते घेण्यात अर्थ निसटतो.

हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने इथे वापरलेला ग्रीक शब्द आहे ‘एइदोस’. त्याचा मूळ अर्थ रूप, आकार, जे डोळ्यांपुढे दिसते ते. पाहण्याची शक्ती हा नव्हे. म्हणजे पौल डोळ्यांना नावे ठेवत नाही. समोर जे दिसते आहे त्यावरून वाट ठरवू नका, एवढेच म्हणतो. ‘डोळ्यांनी दिसते त्याप्रमाणे’ लिहिणाऱ्याने हे नेमके पकडले आहे. ‘दृष्टी’ शब्दाला मराठीत फार मोठा पसारा आहे: दूरदृष्टी, दृष्टिकोन, ‘त्या दृष्टीने विचार करा’. (लहान मुलांना लागते ती ‘दृष्ट’ही त्याच घरातली.) त्यामुळे ‘आम्ही दृष्टीने चालत नाही’ हे वाक्य मराठी कानाला ‘आम्हाला काही दृष्टीच नाही’ असेही ऐकू येऊ शकते. संमेलनाच्या फलकावर ते बरे दिसणार नाही.

आपल्या भाषेची इथे एक मोठी सोय आहे. आपल्याकडे दिसणे वेगळे आणि पाहणे वेगळे. दिसणे आपोआप घडते; म्हणून आपण ‘मला दिसते’ म्हणतो; ‘मी दिसतो’ म्हटले की अर्थच बदलला. पाहणे मात्र माणूस करतो. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ या म्हणीत दोष दिसण्याला आहे, पाहण्याला नाही. पौलाचे वचन या म्हणीच्या अगदी शेजारचे आहे.

पौलाने हे स्वतः अनुभवलेले होते, हेही लक्षात घ्या. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९: दिमिष्काच्या वाटेवर तो जमिनीवरून उठला तेव्हा डोळे उघडे होते आणि काही दिसत नव्हते. सोबत्यांनी हाताला धरून गावात नेले, तीन दिवस तो तसाच होता. दुसऱ्याच्या हाताच्या भरवशावर चालणे म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

आणि पाहणे तर मराठीत डोळ्यांपुरते उरलेलेच नाही. चाखून पाहा, हात लावून पाहा, विचारून पाहा. माझ्या आजीचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते, तरी तांदूळ चिमटीत घेऊन ती म्हणायची, “बघू, जुना आहे का?” आम्हाला त्यात कधी विसंगती वाटली नाही. स्तोत्र ३४:८ मध्ये मूळ हिब्रूत दोन सुटे हुकूम आहेत: चाखा आणि पाहा. मराठीत ते झाले ‘परमेश्वर किती चांगला आहे ह्याचा अनुभव घेऊन पाहा’. चाखण्याची चव तेवढी गेली, याची मला थोडी हळहळ आहे. पण ‘घेऊन पाहा’ या जोडीत डोळ्यांविना पाहणे इतके सहज बसले आहे की वेगळा शब्द घडवावा लागला नाही.

आता ‘आंधळा विश्वास’. दिसणाऱ्यावर विसंबायचे नाही म्हणजे डोळे मिटून घ्यायचे, असा या हरकतीमागचा समज. मार्कच्या दहाव्या अध्यायातला यरीहोचा आंधळा भिकारी बार्तीमय आठवा. वाटेवरून नासरेथकर येशू जातो आहे हे तो ऐकतो, ओरडतो, लोक गप्प करतात तर आणखी मोठ्याने ओरडतो. ‘दावीदपुत्र’ अशी हाक तो मारतो तेव्हा त्याला काहीही दिसत नसते. भोवतालच्या डोळसांना मात्र दिसतो तो फक्त कटकट करणारा भिकारी. ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ हे वाक्य त्याला ऐकायला मिळते. त्याचा विश्वास आंधळा नव्हता. तो स्वतः आंधळा होता. ‘डोळस श्रद्धा’ आणि ‘अंधश्रद्धा’ या जोडीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की हा फरक चटकन ध्यानात येत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या काळी अंध स्त्रियांसाठी जो विभाग निघाला, त्याचे नाव बर्तीमी सदन. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या आणि तिथे बोटांनी शास्त्र वाचणे सुरू झाले. ‘आंधळा’ हे विशेषण शिवीसारखे वापरण्याआधी मला ते सदन आठवते.

राहिला ‘अंतर्चक्षू’. हे रूप चूक. ‘अंतर्’मधल्या र्‌चा च पुढे आल्यावर श् होतो, म्हणून अंतश्चक्षू; निश्चय, पुनश्च यांत ऐकू येतो तोच ‘श्च’. जुन्या पुस्तकांत शेवट ऱ्हस्व, ‘अंतश्चक्षु’. आजच्या नियमाने ‘क्षू’ दीर्घ. शब्द पौलाच्याच इफिसकरांस पत्रातला, इफिस १:१८ मधला. ग्रीकमध्ये शब्दशः ‘तुमच्या हृदयाचे डोळे’. काहींना तेच भाषांतर हवे असते, पण मला पटत नाही. आपले हृदय भावनेचे. बायबलमधले हृदय विचारही करते, निर्णयही घेते. मन, बुद्धी, चित्त सगळे ज्यात येते ते आपले ‘अंतःकरण’, आणि अंतश्चक्षू त्याच अंगाने जातो. ‘ज्ञानचक्षू’ आणि ‘दिव्यदृष्टी’ हे शब्द वापरू नका. ते गीतेशी जोडलेले आहेत आणि मराठी माणसाला पहिल्यांदा अर्जुनच आठवणार. अर्जुनाला तो डोळा मिळाला विश्वरूप पाहायला. पौल तो मागतो आहे आशा कळावी म्हणून.

एक बारीक गोष्ट: इफिसच्या वचनात हे डोळे ‘प्रकाशित’ होतात, ‘उघडत’ नाहीत. डोळे उघडेच असतात, अंधार असतो. तेव्हा फलकावर वर ‘विश्वासाने चालतो, दिसते त्याप्रमाणे नाही’ आणि खाली ‘आमचे अंतश्चक्षू प्रकाशित होवोत’ असे घ्या. वरची ओळ वचन जसेच्या तसे नाही, म्हणून तिला अवतरणचिन्हे नकोत. संदर्भ दिला तरी पुरे. आणि छापण्याआधी फ्लेक्सवाल्याकडून नमुना मागवा, कारण काही फाँटांत ‘श्च’ तुटून ‘श्‌च’ असा येतो.