उरलेले दोन बुधवार

“मॅडम, मी अजून ख्रिस्ती आहे का?” माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आलेला, वसईकडच्या एका कॅथलिक कुटुंबातला तिशीचा तरुण खुर्चीत नीट टेकण्याआधीच हे विचारून मोकळा झाला. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण तो थोड्याफार फरकाने अनेक जण विचारतात आणि बहुतेकांच्या स्वरात जिज्ञासेपेक्षा भीतीच अधिक असते.

वडिलांच्या निधनानंतर चार महिन्यांनी तो इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात गेला होता. शिबिराच्या काळात प्रार्थना, जप आणि इतर साधना बाजूला ठेवाव्या लागतात. त्यामुळे खिशातली जपमाळ त्याने पहिल्याच दिवशी बॅगेत तळाशी ठेवून दिली आणि दहाव्या दिवसापर्यंत आपल्याला तिची आठवणही झाली नाही, याचाच त्याला धक्का बसला. घरी परतल्यावर संध्याकाळी घरातल्या अल्तारीपुढे (देव्हाऱ्यापुढे) आईबरोबर ‘नमो मारिया’ ही प्रार्थना म्हणताना ओठ हलत, पण आत काहीच हलत नसे. तो बुद्धाविषयी वाचू लागला. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, सुरू झाली की छातीत धडधड होई, म्हणून तो दाराशी उभा राहू लागला. त्यातच बहिणीने बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी त्याला गॉडफादर, म्हणजे बाळाचा धर्मपिता, होण्याची गळ घातली. गॉडफादरला चर्चमध्ये सर्वांसमोर विश्वासाचा अंगीकार (ख्रिस्ती श्रद्धा सांगणारी ठरलेली वचने म्हणून) करावा लागतो. “ताईच्या बाळाला हातात घेऊन मी खोटं कसं बोलू?” असे म्हणताना त्याचा आवाज कापरा झाला.

मी त्याला दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगितल्या. बाप्तिस्म्याची तारीख ठरली होती, त्यामुळे त्याबाबतचा निर्णय लवकर घ्यावा लागणार होता. श्रद्धेच्या प्रश्नाला मात्र कोणतीही तारीख नव्हती, आणि ती त्याने स्वतःवर लादून घेण्याचेही काही कारण नव्हते. शंका येणे हा निर्णय नव्हे, हे त्याला पटायला तीन भेटी लागल्या.

पुढच्या भेटीला येताना मी त्याला विश्वासाचा अंगीकार वहीत एकेक ओळ सोडून लिहून आणायला सांगितले आणि जी ओळ प्रामाणिकपणे म्हणता येते तिच्यापुढे पेन्सिलीने बारीक खूण करायला सुचवले. सगळेच कोसळले आहे, असे तो समजत होता. प्रत्यक्षात येशूने दुःख भोगले, तो क्रुसावर खिळला गेला, मरण पावला, या ओळींपुढे त्याने ठळक खुणा केल्या होत्या. ‘देहाचे पुनरुत्थान’ या शब्दांपुढे मात्र पेन्सिल इतक्या वेळा टेकली होती की कागद काळवंडला होता. तिथे बोट ठेवून मी वडिलांविषयी विचारले. वडील आजारी असताना कामावरून सुटून तो माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे दर बुधवारच्या विशेष प्रार्थनेला, जात असे. नऊ बुधवारांचा नवस होता. सातव्या बुधवारनंतर वडील गेले. अंत्यविधीला आलेले लोक “देवाने बोलावून घेतलं” म्हणत होते, आणि उरलेल्या दोन बुधवारांचे काय करायचे, हे त्याला कोणालाही विचारता आले नव्हते.

त्याची शंका निव्वळ दुःखातून आली, असे म्हणून मी ती मोडीत काढणार नाही, कारण तसे करणे त्याच्या बुद्धीचा अपमान ठरेल. बौद्ध विचाराने त्याला खरोखरच काही दिले होते. विपश्यनेला बसणे पाप आहे का, याचा निवाडा समुपदेशकाने करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी मी त्याला विश्वासातल्या एका फादरांकडे पाठवले. मात्र इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही कॅथलिक चर्च नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६५ मध्येच म्हटले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्तांवर आपल्याला आधार देणाऱ्या धर्मभगिनीशीच पत्रांतून वाद घातला होता, हे सांगितल्यावर तो प्रथमच सैल होऊन बसला. असे प्रश्न पडणारे आपण एकटेच, ही समजूत माणसाला आतून फार पोखरते.

बहिणीला काय सांगायचे, याचा आम्ही खोलीत दोनदा सराव केला. त्याने तिला इतकेच सांगितले, “ताई, बाळाचा मामा मी आहेच, पण ते शब्द आज माझ्या तोंडून खरे निघणार नाहीत.” ती रडली, आठवडाभर बोलली नाही, आणि नंतर तिने आतेभावाला गॉडफादर होण्याविषयी विचारले. चर्चच्या नियमानुसार एकच गॉडपॅरेंट असला तरी चालतो, त्यामुळे बाप्तिस्मा ठरल्या दिवशी झाला आणि हा पहिल्या बाकावर बसला होता.

आता तो पहाटे ध्यानाला बसतो आणि रविवारी आईला मिस्साला नेतो. दाराशी उभा राहत नाही. एका ओळीपाशी गप्प राहतो. आईच्या ते लक्षात आले असावे, असे त्याला वाटते. तिने अजून विचारलेले नाही, आणि विचारले तर तिला काय सांगायचे, यावर आमचे काम सध्या चालू आहे.