सांगली-साताऱ्याकडे ‘कवठे’ नावाची इतकी गावं का? या नावाचा कवटीशी काही संबंध आहे का?

कवटीशी काही संबंध नाही. ‘महांकाळ’ शेजारी लागल्यामुळे तसं वाटतं खरं, पण कवटीत ट आहे, कवठ्यात ठ. महाशिवरात्रीला दगडावर फोडून, गूळ घालून खातो ते कवठ. संस्कृतात कपित्थ. लहानपणी ‘गजाननं भूतगणादिसेवितं’ घोकलं असेल तर पुढच्याच शब्दात भेटलं असेल, ‘कपित्थजम्बू...’. दीपचा दिवा होताना प चा व झाला, तसाच इथंही झाला आणि कवठ उरलं.

झाडावरून गाव ओळखायची रीत आपल्याकडे जुनीच. चिंचणी घ्या, उंब्रज घ्या, पिंपळगावं तर मोजू नयेत इतकी. आसपासच्या चार कोसांत ओळख पटली की काम भागायचं; पलीकडच्या मुलखातही कवठाचं झाड आहे याची कुणाला फिकीर? घोटाळा व्हायला लागला तसं एकेका कवठ्याला शेपूट चिकटलं.

आम्हा सांगलीकरांना तर तीन दिशांना तीन कवठे. मिरजेपुढे पंढरपूर रस्त्याला कवठे महांकाळ, तालुक्याचं गाव, शेपूट देवाचं. पश्चिमेला कवठे पिरान, हिंदकेसरी मारुती माने यांचं गाव. यातलं ‘पिरान’ म्हणजे फारसीत पीरचं अनेकवचन. देवानंतर पीर, म्हणजे बरोबरी झाली म्हणायची. आणि तासगाव रस्त्याला कवठे एकंद. दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीला तिथं शोभेच्या दारूची जी आतषबाजी होते, ती एकदा तरी बघाच. वाई तालुक्यातलं कवठे मात्र बिनशेपटाचं, ते किसन वीर यांचं गाव. पुणे जिल्ह्यात शिरूरकडे कवठे येमाई आहे, तिथं शेपटाला देवी.

आणि हे खूळ फक्त आपलंच नाही. उत्तर प्रदेशातलं संकिसा हे बौद्धांचं तीर्थ. ह्युएनत्संगाच्या प्रवासवर्णनात ते कपित्थ या नावानं येतं.

बाकी, एसटीत बसताना कंडक्टरला पूर्ण नाव सांगा. आमच्या आत्याचे दीर एका दसऱ्याला दारूकाम बघायला निघाले आणि स्टँडवर ‘कवठे, कवठे’ एवढंच ऐकून महांकाळच्या गाडीत चढले. मिरज मागे पडलं तेव्हा त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, “तासगाव रस्ता कवा लागायचा?”