संभाजीनगरहून वेरूळला सायकलने जायचंय, रस्ता ठरवायला कोणतं अ‍ॅप घ्यावं?

आखणीसाठी कोमूट आणि वाटेत ऑरगॅनिक मॅप्स, असं माझं स्पष्ट मत आहे. गूगल मॅप्सचा दुचाकी पर्याय मोटरसायकलचा विचार करून बनवलाय. किती वेळ लागेल ते सांगेल, पण चढावर तुमचा दम किती जाईल ते नाही. कोमूटमध्ये मार्ग आखतानाच चढ-उताराचा आलेख आणि रस्ता डांबरी की कच्चा हे दिसतं. अंतर साधारण 30 किलोमीटरच आहे, पण दौलताबाद सोडलं की खुलताबादपर्यंत घाट लागतो. तो आलेखात नीट बघून घ्या.

खरी काळजी घ्यायची ती शॉर्टकटची. नकाशावर दोन गावांना जोडणारी बारीक रेघ बऱ्याचदा पाणंद असते. उन्हाळ्यात ती चालते, पण पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चाक चार फेरे फिरलं की चिखल ब्रेक आणि मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि सायकल ढकलतासुद्धा येत नाही. म्हणून अशी रेघ उपग्रह चित्रात मोठी करून बघा. दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत दिसलं तर सरळ डांबरी रस्ता धरा. कोमूट आणि ऑरगॅनिक मॅप्सचे नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालतात, लोकच तो भरतात. त्यामुळे आडबाजूच्या गावांतली माहिती जुनी असू शकते.

निघण्याआधी घरच्या वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवा, कोमूटमध्ये आखलेल्या मार्गाची जीपीएक्स फाइलही (मार्ग साठवलेली फाइल) ऑरगॅनिक मॅप्समध्ये घ्या. मग रेंज गेली तरी अडत नाही. आणि दौलताबादला किल्ल्याच्या अरुंद दरवाजातून वाहनं जातात, तिथे सकाळी लवकर पोहोचा.